सत्तावीस अंशांवरची सपाटी: कोरड्या हवेची विशिष्ट उष्माधारकता तापमानानुसार कशी बदलते

मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीतील दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच खोली डोळ्यांसमोर आणा. माणसे, सामान आणि भिंती बाजूला ठेवून केवळ त्या खोलीत भरलेल्या हवेचे वजन काढले, तर ते सुमारे ३८ किलोग्रॅम भरते. हवेला वजन असते हे शाळेत शिकूनही हा आकडा ऐकल्यावर माझे विद्यार्थी आधी नकारार्थी मान हलवतात. मग खोलीचे आकारमान काढतात, त्याला १.१८ किलोग्रॅम प्रति घनमीटर या घनतेने गुणतात आणि स्वतःच खात्री करून घेतात. ही सगळी हवा एका अंशाने तापवायला साधारण ३८ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पातेल्यातले एक लिटर पाणी नऊ अंशांनी तापले असते. किलोग्रॅमचा आणि किलोज्यूलचा आकडा इतका जुळतो, कारण एक किलोग्रॅम कोरडी हवा एका अंशाने तापवायला १.००५ किलोज्यूल लागतात. यालाच कोरड्या हवेची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. दहावीच्या पुस्तकात पाण्यासाठी १ कॅलरी प्रति ग्रॅम असा जो आकडा असतो, त्या मापात हवेचा आकडा सुमारे ०.२४ येतो.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापासून १.००५ हा आकडा विद्यार्थ्यांच्या हातात इतका बसतो की तो निसर्गाचा एखादा स्थिरांक आहे, असाच बहुतेकांचा समज होतो. तो स्थिरांक नाही. तक्त्यात त्याच्या शेजारी ३०० केल्विन असे लिहिलेले असते आणि ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस. मुंबईच्या तापमानाची वर्षभराची सरासरीही जवळपास तेवढीच आहे. ज्यांनी ३०० हा आकडा निवडला त्यांनी तो पूर्णांक म्हणून सोयीचा वाटला म्हणून निवडला, पण आपल्यापुरते बोलायचे तर तक्त्यातली ही ओळ आपल्या खिडकीबाहेरच्या तापमानाचीच आहे. त्या ओळीच्या वर आणि खाली काय घडते, हा या लेखाचा विषय आहे.

पुढे जाण्याआधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पुढचे आकडे लागणार नाहीत. हवा दोन प्रकारे तापवता येते. बंद, ताठ भिंतींच्या डब्यात तापवली तर तिचा दाब वाढतो, पण ती पसरत नाही. दिलेली सगळी उष्णता तिच्या आतच राहते. अशा वेळी एका किलोग्रॅमला एका अंशासाठी ०.७१८ किलोज्यूल पुरतात. उघड्या खोलीत मात्र हवा तापते तशी पसरते आणि पसरताना बाहेरच्या वातावरणाला रेटते. या रेटण्याचे काम फुकट होत नाही, त्यासाठी ०.२८७ किलोज्यूल जास्तीचे द्यावे लागतात आणि बेरीज १.००५ होते. हे ०.२८७ म्हणजे हवेचा वायू-स्थिरांक. आदर्श वायूच्या, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत अशा वायूच्या, बाबतीत तो तापमानाबरोबर बदलत नाही, त्यामुळे पुढे जो काही बदल दिसेल तो सगळा हवेच्या आत, रेणूंच्या पोटात होणारा बदल आहे.

आता आकडे पाहू. दाब कायम ठेवून घेतलेली उष्माधारकता ३०० केल्विनला १.००५ आहे. ३५० केल्विनला, म्हणजे ७७ अंश सेल्सिअसला, ती १.००८ होते. ४०० केल्विनला १.०१३. शंभर अंश तापवूनही जेमतेम ०.८ टक्के वाढ. त्यानंतर चढ जाणवू लागतो: ५०० केल्विनला १.०२९, ६०० ला १.०५१, ८०० ला १.०९९ आणि १००० केल्विनला १.१४२. ६०० ते ९०० केल्विनच्या दरम्यान प्रत्येक शंभर अंशांमागे दोन टक्क्यांहून अधिक भर पडते, आणि पुढे चढ पुन्हा मंदावतो. १५०० केल्विनला आकडा सुमारे १.२१ असतो. आलेख काढला तर आधी लांब सपाटी, मग घाट, मग पुन्हा पठाराकडे झुकणारा रस्ता असे त्याचे रूप दिसते. बहुतेकांना घाटाचे कारण जाणून घ्यायचे असते. माझ्या मते खरे आश्चर्य सपाटीचे आहे. सपाटीच्या उंचीनेच जुन्या भौतिकशास्त्राला आधी अडवले.

हवेचा रेणू उष्णता कुठे ठेवतो, ते पाहू. कोरड्या हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एका टक्क्याहून थोडा कमी अरगॉन असतो. पहिले दोन्ही वायू जोडअणूंचे आहेत, म्हणजे त्यांचा रेणू दोन अणू आखूड स्प्रिंगने जोडल्यासारखा असतो. असा रेणू तीन दिशांना धावू शकतो, दोन अक्षांभोवती गरगरू शकतो आणि त्याची स्प्रिंग ताणली-दाबली जाऊन तो कंप पावू शकतो. आपण ज्याला तापमान म्हणतो ते यातल्या फक्त धावण्याच्या ऊर्जेचे माप आहे. गरगरण्यात आणि कंपनात गेलेली उष्णता तापमापकात वेगळी दिसत नाही, पण ती द्यावी मात्र लागते. म्हणून रेणूजवळ ऊर्जा ठेवायला जितके कप्पे जास्त, तितकी एक अंश चढवायला उष्णता जास्त.

एकोणिसाव्या शतकातल्या गणिताने प्रत्येक कप्प्याला समान वाटा दिला होता: वायू-स्थिरांकाचा अर्धा. धावण्याचे तीन आणि गरगरण्याचे दोन असे पाच अर्धे, आणि वातावरणाला रेटण्याचा एक पूर्ण, म्हणजे साडेतीन पट. ०.२८७ ला साडेतीनने गुणल्यास १.००४५ येतात, म्हणजे मोजलेल्या आकड्याच्या अगदी लगत. पण मग कंपनाचे काय? स्प्रिंगमध्ये गतीची आणि ताणाची अशा दोन्ही ऊर्जा असतात, म्हणून तिचा वाटा आणखी एक पूर्ण व्हायला हवा होता आणि उत्तर १.२९ च्या घरात यायला हवे होते. सामान्य तापमानाला ते तसे येत नाही. रेणूजवळ स्प्रिंग आहे, पण ती जणू नाहीच, असे हवा वागते.

फ्रान्समध्ये आंरी रेन्यो यांनी अत्यंत चिकाटीने केलेली मोजमापे १८६२ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी उणे ३० अंशांपासून २०० अंश सेल्सिअसपर्यंत हवा तपासली आणि तिची विशिष्ट उष्माधारकता व्यवहारात एकच, सुमारे ०.२३७५ कॅलरी, असल्याचे सांगितले. आजच्या तक्त्यांवरून ० ते १०० आणि ० ते २०० अंश या दोन टप्प्यांच्या सरासरीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक निघतो, तो त्यांच्या उपकरणांच्या नजरेतून निसटला. त्यामुळे सपाटी अधिकच सपाट भासली. मॅक्सवेल यांनी १८७५ च्या व्याख्यानात या विसंगतीला रेणुसिद्धांतापुढची तोवरची सर्वांत मोठी अडचण म्हटले. बोल्ट्झमन यांनी पुढच्याच वर्षी रेणू हा न वाकणारा, न ताणला जाणारा डंबेल मानून उत्तर जुळवले, पण स्प्रिंग कुणी गोठवली हे त्यातून कळत नव्हते. एप्रिल १९०० मध्ये लॉर्ड केल्विन यांनी उष्णता आणि प्रकाश यांच्या सिद्धांतावर दोन ढग आल्याचे सांगितले, त्यांतला दुसरा ढग हाच होता. खोलीतल्या साध्या हवेचा एक आकडा जुन्या भौतिकशास्त्राला पेलला नव्हता.

उत्तर पुंजसिद्धांतातून आले. आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये घन पदार्थांसाठी जी कल्पना मांडली, तीच वायूंच्या रेणूंनाही लागू पडते: कंपनाची ऊर्जा हवी तेवढी थोडी-थोडी घेता येत नाही, ती ठरावीक उंचीच्या पायऱ्यांनीच घ्यावी लागते. नायट्रोजनच्या कंपनाची एक पायरी तापमानाच्या भाषेत सुमारे ३३९० केल्विनइतकी उंच आहे, ऑक्सिजनची सुमारे २२७० केल्विन. गरगरण्याच्या पायऱ्या मात्र अवघ्या काही केल्विनच्या आहेत, त्यामुळे मुंबईच्या तापमानालाच काय, हिमालयाच्या थंडीतही त्या रेणूला जाणवत नाहीत.

फोर्टातल्या फुटपाथवर एक दुकान आहे, तिथली सर्वांत स्वस्त वस्तू अकरा रुपयांची आहे, अर्धी किंवा पाव वस्तू मिळत नाही आणि गिऱ्हाइकांच्या खिशात सरासरी एकेक रुपया आहे, अशी कल्पना करा. गर्दी कितीही असली तरी विक्री जवळजवळ शून्य राहील. ज्याच्या खिशात योगायोगाने अकरा रुपये जमले असतील, असा एखादाच खरेदी करील. ३०० केल्विनला नायट्रोजनची हीच स्थिती आहे: पायरी सरासरी ऊर्जेच्या अकरापट उंच, आणि सुमारे ऐंशी हजार रेणूंत एखादाच कंप पावणारा. ऑक्सिजनची पायरी साडेसात पट, म्हणून तिथे दोन हजारांत एक. ऑक्सिजन हवेत पाचव्या हिश्शाइतकाच असूनही ३०० केल्विनला कंपनासाठी जी काही किरकोळ उष्णता खर्च होते, तिच्यातला चार पंचमांशांहून जास्त वाटा त्याचा असतो. खिशातली सरासरी वाढली की दुकान चालू लागते. १००० केल्विनला नायट्रोजनच्या तीस रेणूंत एक आणि ऑक्सिजनच्या दहांत एक कंप पावत असतो, आणि नायट्रोजन संख्येने चौपट असल्यामुळे तिथे कंपनाची बरीचशी उष्णता त्याच्याकडे जाते. आलेखातला घाट म्हणजे दोन वायूंची कंपने एकामागोमाग एक जागी होण्याची ही वाटचाल आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात याने किती फरक पडतो, हे तापमानावर अवलंबून आहे. पावाच्या बेकरीतली भट्टी घ्या. लांब दांड्याच्या फळीने तव्यांच्या ओळी आत सरकवल्या जातात तेव्हा आतली हवा २५० अंशांच्या आसपास असते, असे मानू. २७ पासून २५० अंशांपर्यंत एक किलोग्रॅम कोरडी हवा तापवायला खरे म्हणजे सुमारे २२६.५ किलोज्यूल लागतात, १.००५ हाच आकडा धरून हिशेब केला तर २२४ येतात. एका टक्क्याची चूक. विटा, पाव आणि उघडे दार यांतून जी उष्णता जाते तिच्यापुढे ही चूक नगण्य आहे आणि बेकरीचा हिशेब करणाऱ्याने तिच्यामागे लागू नये.

डिझेल इंजिनात गोष्ट वेगळी होते. ससून डॉकला लागलेल्या एखाद्या ट्रॉलरच्या इंजिनात पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये २७ अंशांची हवा भरली आणि पिस्टनने ती अठराव्या हिश्शात दाबली, असे समजू. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते, म्हणून ही हवा किती तापली हा तिथला कळीचा प्रश्न आहे. उष्माधारकता कायम मानून गणित केले तर दाबलेल्या हवेचे तापमान ९५३ केल्विन, म्हणजे ६८० अंश सेल्सिअस येते. बदलती उष्माधारकता हिशेबात घेतली की ते ८९८ केल्विन, म्हणजे ६२५ अंशांवर थांबते. पंचावन्न अंश कुठे गेले? ते हरवले नाहीत. पिस्टनने केलेल्या कामाचा एक भाग आता जागे झालेल्या स्प्रिंगांत जातो आणि धावण्याच्या वाट्याला तेवढे कमी येते. तापमान तर धावण्याचेच माप आहे. दाबाचा अंदाजही त्याच प्रमाणात चुकतो: ५७ पटीऐवजी प्रत्यक्षात ५४ पट. भिंतींतून जाणारी उष्णता आणि कडांमधून निसटणारी हवा यांचा हिशेब यानंतर वेगळा करावा लागतो.

खाडीपलीकडे उरणला महानिर्मितीचे ६७२ मेगावॅटचे वायू विद्युत केंद्र आहे. अशा केंद्रातल्या गॅस टर्बाइनमध्ये हवा आधी दाबली जाते, मग तिच्यात इंधन जाळले जाते आणि तो तप्त झोत पात्यांवर सोडला जातो. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. एक किलोग्रॅम हवा ३०० पासून १५०० केल्विनपर्यंत न्यायला १३३६ किलोज्यूल लागतात, पण १.००५ धरले तर १२०६ येतात. म्हणजे ज्या अभियंत्याने १२०६ किलोज्यूल देऊन १५०० केल्विनची अपेक्षा ठेवली, त्याच्या पदरात साधारण १३९२ केल्विनच पडतील. पात्यांचा धातू काही अंशांच्या हिशेबावर निवडला जातो, तिथे शंभरावर अंशांची चूक कुणालाही परवडणार नाही. ज्वलनानंतरच्या वायूत कार्बन डायऑक्साइड आणि वाफही असते आणि त्यांची उष्माधारकता आणखी वेगळी असते, म्हणून प्रत्यक्ष आराखड्यात केवळ कोरड्या हवेचा तक्ता पुरत नाही, पण सुरुवात त्याच तक्त्यापासून होते.

थंडीच्या बाजूला, म्हणजे सपाटीच्या दुसऱ्या टोकाला, एक गोष्ट आहे जी पुस्तकांतून सहसा एका ओळीत उरकली जाते. आदर्श वायूच्या हिशेबाने तापमान उतरवत नेले की आकडा १.००३ च्या आसपास जाऊन स्थिरावायला हवा. प्रत्यक्ष हवा मात्र वातावरणाच्या दाबाला साधारण २५० केल्विनजवळ, म्हणजे उणे २३ अंशांजवळ, तळ गाठते आणि त्याखाली तिची उष्माधारकता पुन्हा वाढू लागते. १०० केल्विनला ती १.०३ पर्यंत पोहोचते. इथे कंपनांचा काही संबंध नाही. थंड हवा दाट होते, रेणू एकमेकांच्या ओढीच्या कक्षेत येतात, आणि तापवताना ती ओढ सोडवायलाही उष्णता द्यावी लागते. उणे १९४ अंशांच्या आसपास हवा द्रवरूप होते, ही वाढ म्हणजे त्या घटनेची आधीच पडू लागलेली सावली आहे. याच ओढीचा अंश सामान्य तापमानालाही थोडासा शिल्लक असतो. त्यामुळे काही तक्त्यांत ३०० केल्विनसमोर १.००५ ऐवजी १.००६ किंवा १.००७ आढळते आणि विद्यार्थी कोणते पुस्तक चुकले म्हणून गोंधळतात. बहुतेक वेळा पुस्तक चुकलेले नसते. एकाने आदर्श वायू मानलेला असतो आणि दुसऱ्याने प्रत्यक्ष दाबाखालची हवा.

तापमानाच्या वरच्या टोकाला सावध राहावे लागते ते सूत्रामुळे. तक्ता सोबत नसेल तेव्हा अभियंते तापमानाची तिसऱ्या घातापर्यंतची एक बहुपदी वापरतात. पाठ्यपुस्तकांत सर्रास दिली जाणारी हवेची बहुपदी एका किलोमोलसाठी, म्हणजे २८.९७ किलोग्रॅम हवेसाठी, अशी आहे: २८.११ मध्ये तापमानाच्या ०.००१९६७ पट मिळवा, तापमानाच्या वर्गाच्या ०.०००००४८०२ पट मिळवा आणि घनाच्या ०.००००००००१९६६ पट वजा करा. बेरजेला २८.९७ ने भागले की एका किलोग्रॅमचा आकडा मिळतो. ३०० केल्विनला १.००४ आणि १००० केल्विनला १.१३६ येतात, म्हणजे तक्त्यापासून अर्धा टक्काच दूर. पण सूत्राशेजारी बारीक अक्षरांत २७३ ते १८०० केल्विन अशी मर्यादा छापलेली असते आणि ती न वाचता काही जण ३००० केल्विन घालून मोकळे होतात. तेव्हा वजा होणारा घन बाकी सगळ्यांवर मात करतो आणि उत्तर ०.८३ येते, म्हणजे खोलीतल्या हवेहूनही कमी. प्रत्यक्षात तर त्या तापमानाला उलटे घडत असते. वातावरणाच्या दाबाला २००० केल्विननंतर ऑक्सिजनचे रेणू तुटू लागतात, ४००० केल्विनच्या पुढे नायट्रोजनचेही, आणि हे बंध तोडायला लागणारी उष्णता धरली तर हवेची उष्माधारकता १.२९ च्या पठारावर न थांबता ते ओलांडून कितीतरी वर जाते.

शेवटी ‘कोरडी’ या शब्दाकडे वळते, कारण मुंबईत बसून तो सहज लिहून टाकणे मला नेहमी खटकते. जुलैतली एखादी दुपार घ्या: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा वेळी प्रत्येक किलोग्रॅम कोरड्या हवेसोबत सुमारे साडेएकवीस ग्रॅम बाष्प असते. पाण्याचा रेणू हलका आणि तीन अणूंचा आहे, म्हणून बाष्पाची उष्माधारकता प्रति किलोग्रॅम १.८७ च्या आसपास, म्हणजे हवेच्या जवळजवळ दुप्पट असते. एवढ्याशा बाष्पाने मिश्रणाचा आकडा १.०२३ वर जातो. कोरड्या हवेला हाच आकडा गाठण्यासाठी सुमारे १९४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागले असते. पावसाळ्यात वातानुकूलन यंत्राचा हिशेब मांडणाऱ्याने तापमानाच्या स्तंभातला तिसरा दशांश शोधत बसण्यापूर्वी आर्द्रता विचारावी. हवेतली वाफ थंड होऊन नळीतून थेंबथेंब बाहेर पडते तेव्हा तिने सोडलेल्या उष्णतेचा हिशेब वेगळा असतो आणि तो उष्माधारकतेच्या या सगळ्या फरकांपेक्षा कितीतरी मोठा भरतो.